जपानमधले परदेशी भाषाशिक्षक आणि नोकरी बदलण्याची मुभा

जपानमध्ये इंग्रजी किंवा दुसरी एखादी भाषा शिकवणाऱ्या परदेशी माणसाला आज नोकरी बदलायची असेल, तर जुन्या मालकाची परवानगी लागत नाही. नवी नोकरी धरायची आणि चौदा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवायचे, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. समुद्रापलीकडच्या दक्षिण कोरियात मात्र करार अर्ध्यात असताना संस्था सोडायची, तर जुन्या संस्थाचालकाचा ना-हरकत दाखला हातात असावा लागतो. दोन्ही देश शेजारी, दोघांनाही इंग्रजीची हौस सारखीच आणि शिक्षकही बहुतेक त्याच पाच-सात देशांतून येणारे; तरी नियम निराळे. जपानमधली ही मुभा कोणी उदार होऊन एका दिवसात दिलेली नाही. तिच्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या काळात परदेशी शिक्षकाचा परवाना आधी गावाशी, मग मालकाशी आणि अखेर कामाच्या प्रकाराशी बांधला गेला.

इंग्रजी ही मायबोली असलेला जपानमधला पहिला शिक्षक म्हणून रॅनल्ड मॅकडॉनल्ड याचे नाव घेतले जाते. तो नोकरदार नव्हताच, कैदी होता. १८४८ साली परदेशी माणसाने जपानच्या किनाऱ्यावर पाय ठेवणे हा गुन्हा होता. युरोपीयांपैकी फक्त डचांना नागासाकीत व्यापाराची सवलत होती. मॅकडॉनल्ड अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जन्मलेला. त्याचे वडील स्कॉटिश आणि आई चिनूक जमातीची. व्हेलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरून तो होक्काइदोच्या उत्तरेला एका छोट्या होडीत एकटाच उतरला आणि आपले गलबत फुटल्याचे सोंग त्याने केले. पकडून त्याची रवानगी नागासाकीला झाली. तिथे कोठडीच्या गजांआडून त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. त्यांतला मोरियामा एइनोसुके पुढे १८५४ मध्ये अमेरिकन आरमाराचा अधिकारी पेरी याच्याबरोबर झालेल्या वाटाघाटींत दुभाषा होता. एप्रिल १८४९ मध्ये ‘प्रेबल’ ही अमेरिकन युद्धनौका मॅकडॉनल्डला घेऊन गेली. पुढच्या सगळ्या नियमांमागचे धोरण या कोठडीतच दिसते. सरकारला भाषा हवी होती, पण ती शिकवणारा माणूस नजरेखालीच हवा होता.

१८५८ मध्ये पाश्चात्य देशांशी झालेल्या तहांनी देशाची दारे किलकिली झाली. १८५९ पासून योकोहामा, नागासाकी आणि हाकोदाते ही बंदरे परदेशीयांना खुली झाली. कोबे आणि नीगाता नंतर. या बंदरांतल्या ठरवून दिलेल्या वसाहतीत परदेशी माणसाने राहावे, धंदा करावा आणि फिरायचे तर बंदरापासून दहा ‘री’, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटरच्या आत फिरावे, असा दंडक होता. त्यापलीकडे जायचे तर परराष्ट्र खात्याकडून प्रवासाचा परवाना काढावा लागे आणि त्यासाठी प्रकृतीचे किंवा शास्त्रीय अभ्यासाचे कारण द्यावे लागे. ही अडवणूक नुसत्या संशयापोटी नव्हती. तहांनुसार परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालत नसे. त्याचा न्याय त्याच्या देशाचा प्रतिनिधी, म्हणजे कॉन्सल, करी. ज्याला आपल्या कायद्याने शिक्षा करता येत नाही त्याला देशभर मोकळे सोडायला कोणते सरकार तयार होईल? परदेशीयांना अंतर्भागात मोकळीक हवी असेल तर आधी हा न्यायाधिकार सोडा, असा जपानचा आग्रह होता आणि पुढे चाळीस वर्षे तोच वाटाघाटींत हुकमाचा पत्ता ठरला.

यातून एक वाट होती ती नोकरीची. जपानी सरकारने, एखाद्या संस्थानाने किंवा शाळेने करार करून परदेशी माणसाला कामावर घेतले, तर त्याला त्या कामाच्या गावी राहता येई. १८७० च्या दशकाच्या मध्यावर एकट्या सरकारच्या पदरी असे पाचशेच्या आसपास परदेशी होते. त्यांत अभियंते, डॉक्टर, खलाशी होते तसे शिक्षकही होते. करारात मुदत, पगार, घर आणि वागणुकीच्या अटी असत. राहण्याची परवानगी या करारावरच उभी असल्यामुळे करार संपला की गावात राहण्याचा हक्कही संपे. मिशनऱ्यांनी या तरतुदीचा उपयोग चलाखीने करून घेतला. क्योटो हे तहात न बसणारे, शिवाय बौद्ध देवस्थानांचे शहर. तिथे धर्मप्रचारक म्हणून राहायला कोणी परवानगी दिली नसती. पण नीजिमा जो याने २९ नोव्हेंबर १८७५ रोजी दोशिशा इंग्रजी शाळा सुरू केली, तेव्हा आठ विद्यार्थी आणि दोन शिक्षक होते. त्यांतला एक स्वतः नीजिमा आणि दुसरा जेरोम डेव्हिस हा अमेरिकन मिशनरी. डेव्हिस शाळेचा नोकर होता, म्हणून क्योटोत राहू शकला. कागदोपत्री मालक आणि खरा मालक वेगळे असण्याची परदेशी शिक्षकांच्या दुनियेतली रीत इतकी जुनी आहे.

मालकच नाहीसा झाला तर काय होते, याचे पहिले ठळक उदाहरण विल्यम एलियट ग्रिफिस या अमेरिकन शिक्षकाचे. तो भाषेचा नव्हे, मुख्यतः रसायनशास्त्राचा शिक्षक. पण त्याचा करार सगळ्यांसारखाच होता. मार्च १८७१ मध्ये तो फुकुई संस्थानात तीन वर्षांसाठी रुजू झाला. ऑगस्टमध्ये मेइजी सरकारने एका फर्मानाने देशातली सगळी संस्थाने खालसा केली. ज्या संस्थानाशी करार होता ते राहिले नाही, ज्या दायम्योने, म्हणजे संस्थानिकाने, त्याला बोलावले तो तोक्योला निघून गेला आणि हुशार विद्यार्थीही राजधानीची वाट धरू लागले. जानेवारी १८७२ मध्ये ग्रिफिसनेही फुकुई सोडले आणि तोक्योत सरकारी शिक्षणसंस्थेत नोकरी धरली. त्याला हे जमले, कारण नवा मालक म्हणून केंद्र सरकारच उभे होते.

या काळातल्या परदेशी शिक्षकाची भटकंती सर्वांत नीट दिसते ती लाफ्कादिओ हर्नच्या चरित्रात. ग्रीक बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला आणि अमेरिकेत पत्रकार झालेला हर्न एप्रिल १८९० मध्ये योकोहामाला उतरला तो एका मासिकासाठी लिहायला. त्या मासिकाशी त्याचे लवकरच फाटले. ओळखीपाळखीतून ऑगस्टमध्ये त्याला शिमाने प्रांतातल्या मात्सुए या गावी माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकवण्याचे काम मिळाले. पगार महिना १०० येन, म्हणजे तिथल्या जपानी शिक्षकांच्या मानाने भलताच मोठा. मात्सुएत तो जेमतेम सव्वा वर्ष राहिला. त्याच गावातली कोइझुमी सेत्सु त्याची बायको झाली. तिथला हिवाळा मात्र त्याला सोसेना. नोव्हेंबर १८९१ मध्ये तो क्यूशू बेटावरच्या कुमामोतोला सरकारी उच्च माध्यमिक शाळेत गेला. पगार दुप्पट, २०० येन. प्रांताची नोकरी सोडून केंद्राची धरायची, म्हणजे नवा करार आणि त्या करारावर टेकलेली राहण्याची नवी परवानगी.

१८९४ मध्ये त्याने कुमामोतोही सोडले. या वेळी तो गेला कोबेला, ‘कोबे क्रॉनिकल’ या इंग्रजी वर्तमानपत्रात. चरित्रकार या बदलाचे कारण त्याच्या शिक्षकीच्या कंटाळ्यात शोधतात आणि ते खोटे नाही. पण नकाशाकडेही पाहायला हवे. कोबे हे तहातले बंदर होते. जपानी सरकारची किंवा शाळेची नोकरी सोडलेल्या परदेशी माणसाला जिथे कोणाच्या करारावाचून राहता येई, अशा मोजक्या जागांपैकी ते एक. १८९६ मध्ये हर्नने हा प्रश्न मुळापासून निकालात काढला. बायकोमुलांचा वारसाहक्क शाबूत राहावा म्हणून तो सासरच्या कुळात दाखल झाला, कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानी प्रजाजन बनला आणि त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. आता त्याला हाकलून देण्याचा प्रश्न नव्हता. नोकरीची हमी मात्र जपानी होऊनही मिळाली नाही. १९०३ मध्ये त्याला विद्यापीठ सोडावे लागले आणि त्याच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते.

नवे तह १७ जुलै १८९९ पासून लागू झाले. परदेशीयांचा न्याय आता जपानी न्यायालये करू लागली आणि बदल्यात बंदरांच्या वसाहती संपल्या. मजुरांवर बंधने राहिली, पण शिक्षकाला कुठेही राहायला, कुठेही शिकवायला कायद्याने अडथळा उरला नाही. नियमांच्या दृष्टीने हा काळ सर्वांत मोकळा म्हणावा लागेल. तरीही मोकळा कायदा म्हणजे मोकळा शिक्षक नव्हे, हे एका हिंदी माणसाच्या अनुभवाने दाखवले. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९०९ मध्ये तोक्योच्या परदेशी भाषा विद्यालयात हिंदुस्तानीचे शिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांनी ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचे पत्र चालवले आणि त्यातून इंग्रजांवर टीकेची झोड उठवली. जपान तेव्हा ब्रिटनचा करारबद्ध मित्र होता. ब्रिटिशांनी तक्रारी केल्या, पत्र बंद पडले आणि १९१४ मध्ये विद्यालयाने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. हिंदुस्तानी शिकवण्याची दुसरी जागा जपानात मिळणार कुठे? ते अमेरिकेला गेले आणि गदर चळवळीत सामील झाले. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये काबूलमध्ये राजा महेंद्रप्रताप यांनी हंगामी हिंद सरकार स्थापले, त्याचे पंतप्रधान बरकतुल्लाच होते. जपानात त्यांचा परवाना कोणी काढून घेतला नव्हता. नुसता करार वाढवला नाही आणि काम झाले.

दोन महायुद्धांमधल्या काळात परदेशी शिक्षक थोडे होते आणि बहुतेक उच्च शाळांत किंवा मिशनच्या संस्थांत होते. हॅरॉल्ड पामर हा इंग्लिश भाषातज्ज्ञ १९२२ मध्ये शिक्षण खात्याचा सल्लागार म्हणून आला आणि १९३६ पर्यंत राहिला. इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था त्याने उभी केली. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्रांचे शिक्षक नजरकैदेत तरी गेले किंवा अदलाबदलीच्या जहाजांवरून मायदेशी तरी.

आजच्या नियमांचे मूळ युद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळात आहे. १ नोव्हेंबर १९५१ पासून लागू झालेला इमिग्रेशन नियंत्रणाचा आदेश अमेरिकन कायद्याच्या धर्तीवर तयार झाला आणि १९५२ मध्ये ताबा संपल्यावरही कायदा म्हणून कायम राहिला. त्यात परदेशी माणसाला एक ठरावीक ‘निवासाचा दर्जा’ आणि ठरावीक मुदत मिळे. व्यापारी, विद्यार्थी, धर्मोपदेशक, प्राध्यापक असे दर्जे होते. शिकवणी-वर्गात इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्यासाठी स्वतंत्र खाना कायद्यात नव्हता, कारण १९५१ मध्ये तसा धंदाच नव्हता. अशांची सोय न्यायमंत्र्यांच्या खास मर्जीने द्यायच्या किरकोळ दर्जात केली जाई. मुदत बहुधा एक वर्ष, आणि पुढच्या वर्षाची मुदतवाढ हा मंत्र्यांच्या विवेकाचा भाग. अर्जाबरोबर नोकरी देणाऱ्या संस्थेची आणि हमीदाराची कागदपत्रे लागत. माणसाची ओळख म्हणजे त्याचा मालक, असा हा सगळा हिशेब होता.

धंदा मात्र झपाट्याने उभा राहिला. १९६४ मध्ये जपानी नागरिकांना सहलीसाठी परदेशी जायला मोकळीक मिळाली, त्याच वर्षी तोक्योला ऑलिंपिक झाले आणि १९७० मध्ये ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले. रेल्वे स्टेशनांजवळच्या इमारतींत ‘एइकाइवा’, म्हणजे इंग्रजी संभाषणाचे वर्ग निघू लागले. शिकवायला येणारे बहुतेक तरुण अमेरिकन, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन. कोणी झेन शिकायला आलेला, कोणी जूदो, कोणी नुसताच फिरस्ता. जपानमध्ये उतरायचे, नोकरी शोधायची, मग कामाचा व्हिसा काढायला सोलला एक चक्कर टाकून यायचे, हा त्यांचा ठरलेला रिवाज होता. देशात राहूनच दर्जा बदलून घेणे अवघड होते, म्हणून ही वारी.

अशाच एका शिक्षकाच्या प्रकरणातून जपानच्या घटनात्मक कायद्यातला एक पायाभूत निकाल निघाला. रॉनल्ड मॅक्लीन हा अमेरिकन १० मे १९६९ रोजी एक वर्षाची मुदत घेऊन जपानमध्ये आला. बर्लिट्झच्या भाषाशाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी. तिथे तो १७ दिवस टिकला. नंतर सरकारला न कळवता तो इंग्रजी अध्यापनाच्याच दुसऱ्या एका संस्थेत लागला. बरोबरीने तो बिवा आणि कोतो ही जपानी तंतुवाद्ये शिकत होता, आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या परदेशीयांच्या गटाच्या सभा-निदर्शनांनाही जात होता. वर्ष संपत आल्यावर, १ मे १९७० रोजी, त्याने आणखी एक वर्ष मागितले. खात्याने आवराआवर करून निघण्यासाठी म्हणून १२० दिवस दिले. ऑगस्टअखेर त्याने पुन्हा अर्ज केला. ५ सप्टेंबरला तो फेटाळला गेला. सरकारने कारणे दोन दिली: न कळवता बदललेली नोकरी आणि राजकीय हालचाली.

मॅक्लीन न्यायालयात गेला. १९७३ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. मंत्र्यांनी आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. १९७५ मध्ये उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. ४ ऑक्टोबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मॅक्लीनचे अपील फेटाळले. निकालाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. राज्यघटनेतले मूलभूत हक्क, जे स्वभावतःच फक्त नागरिकांचे आहेत ते वगळता, परदेशीयांनाही आहेत, असे न्यायालयाने मान्य केले. पण परदेशी माणसाला जपानमध्ये राहण्याचा हक्क घटनेने दिलेला नाही. त्याचे सगळे हक्क निवास-व्यवस्थेच्या चौकटीतच चालतात आणि मुदतवाढ देताना मंत्री त्याच्या कायदेशीर वागणुकीचाही उलटा विचार करू शकतात. खटल्याचा भर राजकारणावर राहिला आणि नोकरीबदलाचा मुद्दा मागे पडला. पण सतरा दिवसांत सोडलेली ती नोकरी सरकारी कागदात पहिल्या आरोपाच्या जागी होती, हे विसरता येत नाही. इंग्रजीच शिकवणारा माणूस एका संस्थेतून दुसरीत गेला, तर देशाचे काय बिघडले, या प्रश्नाचे सरळ उत्तर कायद्यात तेव्हा नव्हते.

ते उत्तर यायला आणखी एक तप जावे लागले आणि ते आले ते शिक्षकांच्या कळवळ्याने नव्हे. १९८० च्या दशकात येन वधारला, व्यापार फुगला, अमेरिकेशी व्यापारी तंटे वाढले आणि ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा सरकारचा घोष बनला. १९८७ मध्ये ‘जेट’ योजना सुरू झाली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून पहिल्या वर्षी ८४८ तरुण पदवीधर आले आणि त्यांतले बहुतेक जपानभरच्या सरकारी शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून वाटले गेले. २००२ मध्ये योजनेतल्या परदेशीयांची संख्या सहा हजारांच्या वर गेली होती. खासगी वर्गांची मागणी वेगळीच. जुन्या आदेशाच्या किरकोळ खान्यात आता देशातला एक मोठा व्यवसाय कोंबला गेला होता.

डिसेंबर १९८९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ जून १९९० पासून लागू झाला. निवासाचे दर्जे नव्याने आखले गेले. विद्यापीठात शिकवणाऱ्याला ‘प्राध्यापक’, प्राथमिक-माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्याला ‘शिक्षक’ आणि कंपनीच्या भाषावर्गात शिकवणाऱ्याला ‘मानव्यविद्या व आंतरराष्ट्रीय सेवा’ असा दर्जा ठरला. दर्जा आता नावनिशीवार मालकाला नव्हे, कामाच्या प्रकाराला चिकटला. एका भाषावर्गातून दुसऱ्या भाषावर्गात जाणे म्हणजे तेच काम वेगळ्या छपराखाली करणे, म्हणून त्याला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. हवे असेल तर नव्या नोकरीसाठी पात्रतेचा दाखला खात्याकडून आधी घेऊन ठेवण्याची सोय झाली. तो न घेता कामाला लागले तरी गुन्हा नाही. घेतलेला बरा एवढेच, कारण मुदतवाढीच्या वेळी विचारणा होणारच असते.

प्रकार बदलला तर मात्र अडते. सरकारी शाळेतला साहाय्यक शिक्षक खासगी वर्गात जायला निघाला, तर वर्गात फळा तोच आणि पाठ तोच असला तरी कायद्याच्या लेखी काम बदलते. त्याला दर्जा बदलून घ्यावा लागतो. शाळेत राहून संध्याकाळी वर्गात शिकवायचे, तर ‘दर्जाबाहेरच्या कामाची’ स्वतंत्र परवानगी लागते. हे विभाजन शिक्षकाच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागतो आणि नव्या मालकाला ते ठाऊक असतेच असे नाही. जुन्या मालकाचे सुटकापत्र आणल्याशिवाय दुसरी नोकरी धरता येत नाही, ही समजूतही कायदा बदलल्यावर कितीतरी वर्षे शिक्षकांत टिकून राहिली. काही मालकांनी ती जाणूनबुजून टिकू दिली. ‘सोडून गेलास तर व्हिसा रद्द करू’ ही धमकी कायद्यात बसत नव्हती, कारण व्हिसा देणेही मालकाच्या हातात नव्हते आणि काढून घेणेही. पण नुकत्याच आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला घाबरवायला ती पुरेशी होती.

मोकळिकीला एक काळाची मर्यादा २००४ च्या दुरुस्तीने आली. आपल्या दर्जाचे काम सबळ कारणाशिवाय सलग तीन महिने न करणाऱ्याचा दर्जा रद्द करता येईल, अशी तरतूद त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आली. म्हणजे नोकरी सोडता येते, पण बेकारीत फार काळ बसता येत नाही.

या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा २००७ मध्ये झाली. ‘नोवा’ ही तेव्हाची जपानमधली सर्वांत मोठी भाषावर्ग-साखळी. देशभर नऊशेच्या आसपास शाखा आणि सुमारे चार हजार परदेशी शिक्षक. विद्यार्थ्यांकडून वर्षावर्षाचे पैसे आगाऊ घेऊन नव्या शाखा काढायच्या, या पायावर ती उभी होती. एप्रिल २००७ मध्ये शुल्क-परताव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. जूनमध्ये अर्थ-व्यापार-उद्योग मंत्रालयाने दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यावर सहा महिने बंदी घातली. रोकड आटली. शरद ऋतूत पगार रखडले. घरभाडे पगारातून कापले गेले होते, पण ते घरमालकापर्यंत पोचले नव्हते, म्हणून काही शिक्षकांवर घर खाली करण्याची वेळ आली. २६ ऑक्टोबरला कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले आणि शाखांना कुलुपे लागली. काही शिक्षकांनी जेवणाच्या बदल्यात शिकवण्या केल्या. कामगार संघटनेने त्यासाठी पुढाकार घेतला. कित्येक जण तिकिटाचे पैसे जुळवून मायदेशी गेले. पण ज्यांना थांबायचे होते त्यांच्यावर मालक बुडाला म्हणून देश सोडण्याची सक्ती नव्हती. त्यांचा दर्जा कंपनीबरोबर बुडाला नाही. मुदत शिल्लक होती तोवर ते दुसरा वर्ग, दुसरी शाळा शोधू शकले. १९७० च्या कारभारात हे झाले असते तर चार हजार मुदतवाढी एका मंत्र्याच्या मर्जीवर टांगल्या गेल्या असत्या. १९९० च्या दुरुस्तीचे मोल कागदावर कळत नाही, ते या ऑक्टोबरात कळले.

दक्षिण कोरियाने वेगळी वाट धरली. तिथेही सुरुवात सरकारी करारानेच झाली होती. १८८६ मध्ये राजाने काढलेल्या इंग्रजी शाळेत होमर हल्बर्टसह तीन अमेरिकन तरुण शिक्षक होते. आधुनिक काळात १९८८ चे सोल ऑलिंपिक, १९९० च्या दशकातले ‘जागतिकीकरणा’चे सरकारी धोरण आणि १९९७ पासून प्राथमिक शाळेत सुरू झालेले इंग्रजी यांमुळे ‘हागवॉन’, म्हणजे खासगी शिकवणी-वर्गांचे पेव फुटले. संभाषण शिकवणाऱ्यांसाठी कोरियाने ई-२ हा स्वतंत्र व्हिसा ठेवला. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पदवीधर नागरिकांनाच मिळतो. त्याचा कणा म्हणजे ठरवून दिलेली कामाची जागा. त्या जागेवाचून दुसरीकडे शिकवणे हा कायदाभंग. २०१० मध्ये कायदा सैल झाला आणि तज्ज्ञ परदेशीयांना जागा बदलल्यावर पंधरा दिवसांत कळवण्याची सवलत मिळाली. करार चालू असताना जायचे तर ना-हरकत दाखल्याची अट मात्र कारभारात टिकून राहिली. एक वर्ष पुरे केल्यावर कामगार कायद्याप्रमाणे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी निवृत्तीरक्कम द्यावी लागते. ती चुकवण्यासाठी अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढण्याची तक्रार कोरियात जुनी आहे. दाखला मालकाच्या खिशात असला की अशा वेळी शिक्षकाची बाजू आपोआप लंगडी पडते.

तपासणीच्या बाबतीतही कोरियाचा हात जड राहिला. पूर्वी तिथे शिकवलेल्या एका परदेशी माणसाला बालकांवरच्या अत्याचारांच्या आरोपाखाली २००७ मध्ये थायलंडमध्ये अटक झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून ई-२ शिक्षकांना गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला, अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. गुन्ह्याच्या दाखल्याबद्दल फारशी कोणाची तक्रार नव्हती. एचआयव्हीची चाचणी मात्र कोरियन शिक्षकांना नव्हती, फक्त परदेशीयांना होती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ती पुन्हा करायला नकार दिला आणि तिची नोकरी गेली. तिचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपुढे गेले. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिले आणि २०१७ मध्ये कोरियाने ही चाचणी रद्द केली.

भारतीयांचा या कहाणीत शिरकाव झाला तो व्यापारी कराराच्या मागच्या दाराने. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात पदवी आणि शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. खासगी हागवॉनचे दार, जिथे खऱ्या जागा आहेत, त्या तरतुदीने उघडत नाही. जपानची अट वेगळ्या प्रकारची आहे. शाळेत परदेशी भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे, असे तिथले निकष सांगतात. तो कोणत्या देशाचा नागरिक आहे हे विचारत नाहीत. पुण्या-मुंबईत पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली व्यक्ती या अटीत बसू शकते. कागदावरची पात्रता आणि जाहिरातीत मागितला जाणारा ‘नेटिव्ह स्पीकर’ यांत अंतर आहे, पण ते अंतर मालकांनी ठेवलेले आहे, कायद्याने नव्हे.

जपानमध्ये शेवटचा मोठा बदल ९ जुलै २०१२ रोजी झाला. नगरपालिकांकडची जुनी परदेशी-नोंदणी बंद झाली आणि निवास-कार्ड आले. कमाल मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. त्याच दिवसापासून नोकरी सोडली, धरली किंवा संस्थेचे नाव-पत्ता बदलला, तर चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुढची मुदतवाढ मागताना ती चूक अर्जदाराच्या विरुद्ध धरली जाऊ शकते. २०१५ मध्ये अभियंत्यांचा आणि मानव्यविद्येचा दर्जा एकत्र करण्यात आला; भाषावर्गांतले शिक्षक आता त्या जोडदर्जात येतात. नोकरी बदलण्याची मुभा यातल्या कशानेही गेली नाही. मुदतवाढ मिळेलच असा हक्क मात्र परदेशी शिक्षकाला आजही नाही: १९७८ चा मॅक्लीन निकाल सर्वोच्च न्यायालयाने अजून बदललेला नाही आणि मुदतवाढीच्या वादात न्यायालये त्याचाच आधार घेतात.